रक्त जेवत होतं

मोबाइल थरथरला तेव्हा मी गिरणीत उभी होते. माझा गव्हाचा डबा रांगेत होता, त्याच्यापुढे कुणाची बाजरी, कुणाची ज्वारी, आणि पट्ट्याचा तो सलग आवाज, ज्यात स्वतःच्या डोक्यातलंसुद्धा नीट ऐकू येत नाही. म्हणूनच मला गिरणीत थांबायला आवडतं. पिठाने पांढऱ्या झालेल्या बोटाने मी पडदा सरकवला. लॅबमधून तेजूचा रिपोर्ट आला होता. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक. मी बोट खाली खाली नेत गेले आणि एका ओळीवर आकडा एकदम ठळक झाला. लॅक्टेट. दोनच्या आत असायला हवं होतं, ते पाचाच्या पुढे गेलं होतं. त्याच्या वरच्याच ओळीत साखर, तीही ठळक, पण ती कमी. "ताई, बारीक दळू का जाड?" लखन गिरणीवाल्याने विचारलं. मी म्हटलं, "हो." "हो काय? बारीक का जाड?" मागे उभी असलेली बाई हसली, मीही हसले असेन. "तुमच्या मनाने दळा," मी म्हटलं, तर तो म्हणाला, "माझ्या मनानं दळलं तर तुमच्या सासूबाई डबा माझ्या डोक्यात घालतील." मग त्याने गहू वर ओतले आणि गरम पीठ कापडी नळातून खाली यायला लागलं. मी त्या पिठाकडे बघत राहिले. गव्हातली साखर, पिठातली साखर, पोळीतली साखर, आणि मग ती तेजूच्या रक्तात गेल्यावर पुढे तिचं काय होतं, हा प्रश्न मी कॉलेजात एकदा पंधरा मार्कांना सोडवला होता.

तेजू म्हणजे माझी मुलगी तेजस्विनी. पहिलीत आहे. होळीनंतर तिला ताप आला, गेला, आणि ताप गेल्यावर ती बसायला लागली. बसायला लागली म्हणजे चालता चालता, खेळता खेळता, कुठेही. शाळेत मुलांना पळायला लावलं होतं तर ही मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसली, जेवायला बसावं तशी. बाईंचा फोन आला. रडत नव्हती, पडली नव्हती, विचारलं तर म्हणाली, "पाय संपले." पाय दुखतात नाही, पाय संपले. मला तो शब्द कानातून काढता येईना. मुलांच्या डॉक्टर, ज्यांच्याकडे आम्ही ती तान्ही असल्यापासून जातो, त्या म्हणाल्या, तापानंतर असं होतं, रेंगाळतं, पण इतके आठवडे झालेत तर एकदा लॅक्टेट बघून घेऊ. कशासाठी, मी विचारलं. "काही नाही हो, स्नायूंच्या पेशींना ऑक्सिजन नीट वापरता येतोय ना, एवढंच." एवढंच, असं त्यांनी म्हटलं आणि चिठ्ठीवर लिहिताना माझ्याकडे बघितलं नाही. मी लोकांच्या न बघण्याकडे लक्ष ठेवून असते. ही माझी जुनी सवय, तेजू झाल्यापासून वाढलेली.

रक्त घ्यायला लॅबचा माणूस घरीच आला होता, सकाळी, तेजू उपाशीपोटी असताना. गोटीराम नाव, पन्नाशीचा, मोटारसायकलला मागे निळी पेटी बांधलेली. तेजूने सुई बघितली आणि असा काही आकांत मांडला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. माझ्या सासूबाईंनी, कुसाबाईंनी, तिचे पाय धरले, मी खांदे, आणि सोमनाथने, माझ्या नवऱ्याने, तिची मूठ आवळून धरली. रबरी पट्टा दंडाला किती वेळ होता देव जाणे, शीर सापडत नव्हती. गोटीराम म्हणाला, "राखाडी टोपणाची नळी मागच्या घरी संपली, लाल टोपणात घेतो. लगेच पोचवतो, चालतंय." रक्त आलं, काळपट, हळूहळू. तो पेटी बंद करून उठलाच होता, तर सासूबाईंनी विचारलं, "कुठले तुम्ही?" सुरगाण्याकडचा निघाला. आणि झालं. माझे सासरे एसटीत कंडक्टर होते, त्यांची कितीतरी वर्षं सुरगाण्याच्या गाडीवर गेली. "आश्रमशाळेत जायचो त्याच गाडीनं," गोटीराम म्हणाला. "एक कंडक्टर होते, तिकिटाला सुटे नसले का शेंगदाणे द्या म्हणायचे." "त्येच!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आन शेंगदाणे घरी आणायचे, मी म्हणायची, पगारात शेंगदाणे मिळत्यात का काय तुम्हाला." गोटीराम म्हणाला, "मावशी, निघतो, हे लवकर पोचवायचं असतं." "बसा हो, त्यांच्या गाडीतला माणूस बिनचहाचा गेला तर ते वरून मला इचारतील." मी चहा ठेवला. चहा कसा नुसता द्यायचा, म्हणून पोहे टाकले. तो संकोचून दोनदा उठला, दोनदा बसला. मी त्याच्या ताटलीत आणखी वाढले, वर खोबरं टाकलं. तेजू हुंदके देत आजीच्या मांडीवर बसून त्याच्याकडे रागाने बघत होती. तो जाताना म्हणाला, अजून अशोकनगरात दोन घरं करायची आहेत. दारात ऊन चांगलंच वर आलं होतं. मला वाटलं, बरं झालं, माणूस चांगला निघाला, चांगल्या हाताने घेतलेलं रक्त चांगलंच असणार. शिकलेल्या बाईला असंही वाटतं.

गिरणीतून पीठ घेऊन निघाले ते घरापर्यंत मी तंतुकणिकांचा विचार करत होते. शाळेच्या पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणत, आणि पेशीचं ऊर्जाकेंद्र असं कंसात लिहिलेलं असे. मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर, लग्नाआधी दिंडोरीकडच्या एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे द्राक्षाच्या रसात यीस्ट सोडायचं आणि झाकायचं. यीस्टला आत हवा मिळत नाही, तरी ते मरत नाही. साखरेचा एक रेणू मधोमध तोडतं, त्यातून थोडीशी ऊर्जा काढतं, अगदी दोन घास, आणि उरलेलं अल्कोहोल करून टाकतं, वर फेस, वर वायू. आपलंही पहिलं पाऊल तेच. साखर तुटते ती ऑक्सिजनशिवायच तुटते, पेशीच्या मोकळ्या जागेत, दोन घास मिळतात. मग ते तुकडे तंतुकणिकेत जातात, तिथे ऑक्सिजन असतो, आणि त्याच साखरेतून तीसेक घास निघतात. उरतं फक्त पाणी आणि आपण सोडतो तो श्वास. पळताना ऑक्सिजन कमी पडला तर स्नायू थोडा वेळ यीस्टसारखे वागतात, फक्त अल्कोहोलऐवजी लॅक्टेट करतात. थोडा वेळ. थांबलो, धापा टाकल्या, की सगळं परत जागेवर. पण ऑक्सिजन भरपूर आहे आणि तंतुकणिकाच बिघडलेल्या असल्या तर? तर मूल बसून असतानाही त्याच्या आत ते दोन घासांचंच जेवण चालू राहतं, आणि रक्तात लॅक्टेट चढत जातं. वाइनरीत मी स्टीलच्या टाक्यांना तळवा लावून उभी राहायचे. आत रस आंबत असला की टाकी कोमट लागायची, गोठ्यातल्या जनावराच्या पोटासारखी. आमचे साहेब म्हणायचे, बघा, श्वास न घेता कसं जगतंय लेकाचं. तेव्हा मला यीस्टचं कौतुक वाटायचं. त्या संध्याकाळी मी तेजूच्या पोटाला तळवा लावला आणि ते कोमट लागलं, तर मी हात काढून घेतला.

आणि त्याच विषयातला एक एका मार्काचा प्रश्न असायचा, मी कधी चुकले नव्हते: तंतुकणिका कोणाकडून येतात? आईकडून. बापाकडच्या पेशीत असतात, पण त्या पुढे जात नाहीत. बीजांडातल्याच तेवढ्या बाळात उतरतात. म्हणजे तेजूच्या स्नायूत जे काही होतं ते सोमनाथचं नव्हतं, कुसाबाईंचं नव्हतं, एसटीतल्या सासऱ्यांचं नव्हतं. माझं होतं. माझ्यात माझ्या आईचं, लताबाईंचं. तिच्यात तिच्या आईचं, विमलाबाईंचं. मागे मागे एक बाई, तिच्यामागे एक बाई. आमच्या चांदवडकडे आई आणि आजी दोघींना भावकीतले लोक हसायचे, या बसक्या म्हणून. कांद्याची लागण चालू असली, सगळ्या बाया ओळीने वाकून पुढे जातायत, आणि माझी आई मध्येच बांधावर जाऊन बसलेली. मी लहान असताना मला तिची लाज वाटायची, बाकीच्या बाया बोलायच्या म्हणून. आता मला ते बांधावरचं बसणं आणि शाळेच्या मैदानातलं बसणं एकावर एक ठेवलेल्या दोन कागदांसारखं दिसायला लागलं, उजेडाकडे धरले की खालची रेघ वर उमटते तशी. सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, तेजू पहिल्यांदा बसली तेव्हाच, "आमच्याकडं कोनी असं बसत नाय बाई. माझी आत्येसासू नव्वदीत मोळी आणायची." त्या टोमणा मारत नव्हत्या. किंवा मारत होत्या, पण हलका, जेवणात मीठ असतं तेवढा. मी तेव्हा मनात चिडले होते. आता मला वाटलं, पेशीशास्त्र त्यांच्या बाजूने आहे.

सोमनाथ सातपूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी होती. तो आला, डबा सिंकमध्ये ठेवला, रिपोर्ट बघितला, दोन्ही बोटांनी मोठा करून बघितला. "डॉक्टर सोमवारी आहेत ना? मग सोमवारी बघू. तू नेटवर वाचू नको." मी म्हटलं, मला वाचायची गरज नाही, मला ते पाठ आहे. "तेच तर," तो म्हणाला, "पाठ असलेल्या माणसाला जास्त त्रास." तो बरोबर बोलला, म्हणून मी त्याच्याशी रात्रभर नीट बोलले नाही. सोमवारपर्यंत मी तेजूला पळू दिलं नाही. दप्तर मी घेतलं, जिना कडेवर घेऊन चढले, खाली पार्किंगमध्ये मुलं साखळी खेळत होती तर खिडकीतून हाक मारून वर बोलावलं. "मी बाळ आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग मला खाली ठेव." मी तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं, मग आठवलं की ते तंतुकणिकांच्या बंद पडलेल्या कारखान्यात आणखी कच्चा माल ओतल्यासारखं आहे, आणि उरलेलं ओतून दिलं. ती झोपली की तिचे श्वास बघायचे. माझ्या बघण्याने ती हळूहळू खरंच आजारी मुलासारखी वागायला लागली. विचारायला लागली, आई, मी आता चालू का? आई, मी उठू का? आणि तिने असं विचारलं की मला वाटायचं, बघ, ताकदच नाहीये.

शनिवारी मी आईला फोन लावला. सांगायचं नाही असं ठरवून लावला. ती बाहेर कुठेतरी होती, कांदे भरायची गडबड ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला गोणी नीट शिवायला सांगत होतं. "काय गं, पोर बरी हाय ना?" "बरी आहे. आई, एक विचारू? तू तेव्हा दमायचीस का गं? शेतात. मध्येच बसायचीस ना तू." "दमायला कोनाला येळ व्हता?" "नाही पण बसायचीस ना?" "बसायची मंग. का?" "आजी पण बसायची ना?" "तिचं काय आता, ती गेली." मग तिने विचारलं, "का इचारती पन?" मी म्हटलं, "असंच." "असंच कसं? काय झालं?" "काही नाही गं, सहज." मग म्हणाली, "बरं. ठिवते. टेम्पो आलाय." मी फोन ठेवला आणि मला जे हवं होतं ते मिळालं असं वाटलं. बसायची. आजीही बसायची. मी ते मनात अशा जागी ठेवलं जिथे माणूस पुरावे ठेवतो.

रविवारी सकाळी मी इडलीचं पीठ उघडलं. सासूबाईंनी शनिवारी वाटून झाकून ठेवलं होतं, उकाड्याने फुगून त्याने झाकण वर उचललं होतं आणि ओट्यावर एक ओघळ आला होता. मी बोटाने तो ओघळ पुसला. आंबट, जिवंत वास. झाकणाखाली, हवेशिवाय, ते रात्रभर खात बसलं होतं. आपण झोपलो, ते जेवत होतं. आणि तसंच बोट हवेत धरून मी उभी राहिले, कारण मला ती लाल टोपणाची नळी दिसली, निळ्या पेटीत, उन्हात उभ्या मोटारसायकलवर, आणि आत पोहे खाणारा माणूस. रक्त नळीत गेलं म्हणून मेलेलं नसतं. तांबड्या पेशींमध्ये तंतुकणिका नसतातच. सगळ्या शरीराला ऑक्सिजन पोचवतात आणि स्वतः त्यातला कणही वापरत नाहीत, घरोघरी सिलिंडर टाकणाऱ्याने आपल्या घरी चूल फुंकावी तशा. म्हणजे त्या कायमच यीस्टसारख्या जगतात. नळीत साखर असेपर्यंत त्या साखर तोडत राहतात आणि लॅक्टेट करत राहतात. राखाडी टोपणाच्या नळीत एक पूड असते, ती हे जेवण बंद पाडते. लाल टोपणात काहीच नसतं. साखर कमी, लॅक्टेट जास्त. एकाच नळीतल्या दोन ओळी, एकमेकींच्या शेजारी छापलेल्या, आणि मी त्यांना दोन वेगवेगळ्या आजारांसारखं वाचलं होतं. वर तिचा तो आकांत, आवळलेली मूठ, दंडाला पट्टा. हाताचे स्नायू आधीच धापा टाकत होते. मला हसू येईना आणि रडूही. मी इडलीपात्राला तेल लावायला घेतलं, कारण ते समोर होतं.

"आई," मी सासूबाईंना म्हटलं, "त्या दिवशी गोटीरामांना बसवून घेतलं ना आपण." त्या देवापुढची फुलं काढत होत्या. "हां. मग? काय नेलं का त्यानं?" मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. त्यांनी हातातली फुलं तशीच धरली. "म्हंजी रक्त बाटलीत गेलं तरी जेवत व्हतं?" "हो." "आन आपन त्याला वर बसवून पोहे चारत व्हतो." "हो." "तो म्हनला ना, निघतो म्हनून. मीच बसवला." त्यांचा चेहरा उतरला. मग एकदम ताठ झाल्या. "पन घरी आलेल्या मानसाला बिनचहाचं लावायचं का? त्यांच्या गाडीतलं मानूस." मी म्हटलं, "नाही, कुणी म्हणत नाही तसं. पोहे मीच केले." "तू खोबरं पन टाकलं," त्या म्हणाल्या. आणि आम्ही दोघी हसलो, मला वाटतं पहिल्यांदाच एकत्र, आणि हसता हसता मी थांबले. कारण हे सगळं खरं असलं तरी दुसरंही खरं असू शकत होतं. नळीतलं रक्त जेवलं म्हणून तेजूच्या तंतुकणिका चांगल्या आहेत असं थोडंच ठरतं? चुकीचा आकडा म्हणजे बरोबर आकडा नव्हे. तो फक्त काहीच नाही. आणि ती मैदानात बसली होती, तेव्हा नळी नव्हती आणि पोहेही नव्हते.

डॉक्टर सोमवारी माझं ऐकून मान डोलवत होत्या. "बरोबर आहे तुमचं. हा नमुना मी मोजतच नाही. परत घेऊ, इथेच, व्यवस्थित." मी विचारलं, "आणि परत जास्तच आलं तर?" "तर पुढचं बघू." "हे आईकडूनच येतं ना?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "काही प्रकार येतात, सगळे नाही. तृप्ती, तुम्ही आत्ता लॅक्टेट बघायला आलात की स्वतःची केस चालवायला?" दुसऱ्या दिवशी तेजूला उपाशी घेऊन आलो, मी आणि सासूबाई. सोमनाथला सुट्टी मिळाली नाही, तो दर थोड्या वेळाने मेसेज टाकत होता, झालं का, झालं का. नर्सने सांगितलं, आधी अर्धा तास मुलीने अगदी शांत बसायचं, चालायचं नाही, रडायचं नाही, पट्टा बांधणार नाही, रक्ताची नळी बर्फात ठेवून लगेच आत नेणार. क्रीम लावून हात सुन्न केला होता. तेजू आजीच्या मांडीवर, आणि मी समोर स्टुलावर, तिच्याकडे बघत. तिचा ओठ थरथरायला लागला. मी म्हटलं, काही नाही होत बाळा, काही नाही होत, आणि तिचा ओठ आणखी थरथरला. नर्स, एक तरुण मुलगी, फार सौम्यपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का? ती तुमचा चेहरा बघून घाबरतीय." मी बाहेर येऊन बसले. काचेतून आवाज येत नव्हता, फक्त सासूबाईंचे हात दिसत होते. त्या स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात करत होत्या, घाटात गाडी कशी वळते ते दाखवत होत्या, दोन बोटांनी तिकीट पंच करत होत्या, आणि तेजू त्यांच्या हातात खोटे सुटे पैसे ठेवत होती. माझ्या भीतीनेसुद्धा तिच्या रक्तातला आकडा वाढू शकतो, हे मला कुणी पंधरा मार्कांना शिकवलं नव्हतं. मी तिथे बसून श्वास मोजून घेत होते, जणू माझ्या श्वासाचा तिला उपयोग होणार होता. सुई गेली तेव्हा तिने फक्त मान फिरवली. राखाडी टोपण. नर्सने नळी हळूच खालीवर केली, बर्फात ठेवली आणि जवळजवळ पळतच आत गेली. कुणी तिला चहा विचारला नाही.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. आकडा दीडच्या जरा खाली होता. साखर ठीक. "स्नायूंची बाकीची तपासणीही चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तापानंतरचा थकवा आहे, जाईल. आता एकच औषध: तिला पळू द्या. बसली तर बसू द्या. उठेल ती." मी किती वेळा परत विचारलं माहीत नाही, शेवटी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवून म्हटलं, "घ्या, वाचा, पाठ करा." सासूबाईंनी बाहेर येऊन सोमनाथला फोन लावला आणि जिन्यातच मोठ्याने सांगितलं, "काय नाय झालं, तुझी बायको उगीच सुकली." मग तेजूला घेऊन त्या खाली कँटीनमध्ये गेल्या, उपाशी पोरीला आधी घाला म्हणून. मी हॉस्पिटलच्या बाहेरच्या कट्ट्यापाशी उभी राहून आईला फोन लावला.

"आई, तेजूचं सगळं नीट आहे," मी म्हटलं, आणि मग लक्षात आलं की तेजूला काही झालं होतं हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, "हॅलो?" "ऐकते ना," ती म्हणाली. आवाज वेगळा होता. "माझ्याकडून काय गेलं नायी ना तिला मंग?" मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" "कोन सांगंल? तू मला कधी इचारलं का, दमायची का म्हनून? एवढी मोठी झाली, लगीन झालं, पोर झाली. आन एकदम इचारती, आजी पन बसायची का. मंग मला कळनार नाय?" मी काहीतरी पुटपुटले, तुला काळजी नको म्हणून. "काळजी नको!" ती हसली, कोरडं. "काल दवाखान्यात जाऊन आले मी. म्हनलं, माझ्या नातीला जे हाय ते माझ्यात हाय का बघा. ते म्हनले काय हाय नातीला? आता मला काय माहीत. मंग त्यांनी रक्त घेतलं, म्हनले, बारा हाय, चांगलं हाय मावशी. मी म्हनलं, नीट बघा, मी लय बसायची." मी कट्ट्यावर बसले. "आई, हिमोग्लोबिन बारा म्हणजे चांगलं," मी म्हटलं, "खरंच चांगलं." "आता हाय बारा. तुझ्या येळेला सात व्हतं, पुढंबी लय वर्सं कमीच. डाक्टर म्हनला व्हता, बाई, तुम्ही चालता कशा? पन लागणीचे दिवस, कोन घरी बसंल? चिखलात वाकलं का डोळ्यापुढं काळं यायचं, मंग बसायची बांधावर. आन बाया बोलायच्या. बोलू दे." मागून टेम्पोचा भोंगा वाजला, तिने कुणाला तरी थांबा म्हटलं, आणि मला म्हणाली, "आन तू आत अशा लाथा मारायची. मी बसल्या बसल्या हात ठिवायची पोटावर. म्हनायची, चला, ही तरी दमल्याली नाय."